जांभ्याच्या मातीत जुनं नाणं शोधताना

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीकडच्या एका गावात समुद्राजवळ नगरपरिषदेची जुनी बाग आहे. मधल्या किमतीचा, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा मेटल डिटेक्टर घेऊन तिथे दोन रविवार फिरून झालं. मशीन सतत किणकिणतं, धातू सुचवणारा पडद्यावरचा आकडा एका जागी ठरत नाही, आणि खोदलं की बाटलीची झाकणं, खिळे, नाहीतर नुसती लाल माती. जुनी तांब्याची-चांदीची नाणी हवी असतील तर सेटिंग काय ठेवावं, मशीन बदलावं का, किनाऱ्यावर जावं का, आणि मिळालेलं नाणं कसं साफ करावं?

मशीन बदलू नका. सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) उतरवा, कॉइल (टोकाची तबकडी) लहान घ्या आणि ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज वगळण्याची जुळणी, हाताने करा. निम्मी किणकिण तिथेच थांबेल. उरलेली निम्मी जमिनीची नसते, आपणच चुकीच्या जागी शोधत असतो तिची असते.

पण त्याआधी कागद. बाग नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. जागा कोणती, किती खोल खणणार (15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही असं स्पष्ट लिहा), हिरवळ पूर्ववत करून देणार आणि जे मिळेल ते कळवणार, एवढं त्यात असू द्या. माळ्याच्या तोंडी होकारावर विसंबू नका. उद्या कोणी तक्रार केली तर अडचणीत तोच येतो. 1878 चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू त्यात 'निधी' ठरते, आणि किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने वस्तूचं स्वरूप, ठिकाण आणि तारीख यांसह जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. 10 रुपयांचा आकडा 1878 चाच राहिल्यामुळे चांदीचा एक रुपयाही या कक्षेत येतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि वर वाटाही जातो. कळवलं, तो निधी बेवारस ठरला आणि जमिनीच्या मालकानेही हक्क सांगितला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, असं कायदाच म्हणतो. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते तो घेऊ शकतं. याशिवाय 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

किल्ल्यांचा तर विचारच करू नका. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत आणि त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीतली 100 मीटरची रेषा मुख्यतः बांधकामासाठी आहे, पण डिटेक्टरवाल्याने तीही आपलीच समजावी. देवराई आणि ग्रामदेवतेचं आवार यांना कायद्याच्याही आधी गावाची ना असते, आणि ती रास्त आहे. कोकणात रात्री-बेरात्री कुदळ घेऊन दिसणारा माणूस गुप्तधनवाला ठरतो. शिवाय 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर हा किनारा अनोळखी यंत्रांकडे संशयानेच पाहतो. म्हणून दिवसाउजेडी जा, अर्जाची प्रत खिशात ठेवा, पोलीस ठाण्यात आणि सागर सुरक्षा दलाच्या पोरांना आधी सांगून ठेवा.

आता जमीन. जांभा म्हणजे पावसाने धुऊन धुऊन लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरलेला दगड. त्याची लाल माती डिटेक्टरच्या नजरेत अर्धवट लोखंडच असते. मशीन जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं आणि परत येणारा प्रतिसाद मोजतं. इथे जमीनच इतका मोठा प्रतिसाद देते की नाण्याचा बारीक आवाज त्यात बुडतो. सेन्सिटिव्हिटी चढवली की नाण्याचा आवाज वाढतो तसा जमिनीचाही वाढतो, आणि मशीन गोंधळून प्रत्येक खड्याला आकडा देतं. साध्या गाळाच्या मातीत 28 सेंटिमीटरची कॉइल पाव आण्याचं नाणं 20 सेंटिमीटरवर सहज दाखवते. जांभ्याच्या भरावात 10 ते 12 सेंटिमीटरला समाधान मानावं लागतं. जाहिरातीतले खोलीचे आकडे इथे विसरा. इथे खोली सोडायची आणि नेमकेपणा पकडायचा.

लहान कॉइल त्यासाठीच. 15 सेंटिमीटरची कॉइल एका वेळी कमी माती पाहते, म्हणून तिला जमिनीचा गोंगाटही कमी येतो. मशीनसोबत डबल-डी आणि कॉन्सेंट्रिक (एकात एक वर्तुळांची) अशा दोन्ही कॉइल असतील तर डबल-डी लावा. तिचं मुख्य क्षेत्र मधल्या अरुंद पट्टीत असतं, त्यामुळे खनिजाने ती कमी भांबावते. आणि नेहमीच्या शिकवणीच्या उलट, कॉइल जमिनीला घासत फिरवू नका. जांभ्यावर ती 3 ते 4 सेंटिमीटर वर ठेवली की जमिनीचा प्रतिसाद झपकन उतरतो, नाण्याचा त्या मानाने कमी उतरतो.

ग्राउंड बॅलन्स असा करा. धातू नसलेली हातभर जागा शोधा, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सोय) बंद करून सर्व धातूंच्या मोडवर या. कॉइल 30 सेंटिमीटर उचला, 4 सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, पुन्हा उचला. खाली येताना आवाज वाढतो की दबतो ते ऐका आणि वर-खाली दोन्हीकडे सारखा येईपर्यंत आकडा फिरवा. हे दर पंधरा-वीस मिनिटांनी करा, आणि मातीचा रंग बदलला की लगेच करा. समुद्राजवळच्या बागेत दहा पावलांत लाल भराव संपून पांढरी पुळण (वाळू) लागते, तिथे आधीचा बॅलन्स निरुपयोगी ठरतो. आपोआप जुळवून घेणारं ट्रॅकिंग बंद ठेवा. एखाद्या अंधुक सिग्नलवरून चार-पाच वेळा कॉइल फिरवली की ट्रॅकिंग त्या नाण्यालाच जमीन समजून पुसून टाकतं.

मग सेन्सिटिव्हिटी. कॉइल हवेत स्थिर धरा. तरीही मशीन बोलत असेल तर दोष जमिनीचा नाही; हायमास्ट दिवा, ट्रान्सफॉर्मर, मोबाइल टॉवर किंवा जमिनीखालची केबल शोधा आणि मशीनमधला फ्रिक्वेन्सी शिफ्ट वापरा. हवेत शांत आणि जमिनीवर बडबड असेल तर सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरवा, जमिनीवरून फिरवतानाही मशीन गप्प राहील तिथपर्यंत. ती निम्म्यावर आली तरी वाईट वाटून घेऊ नका. 8 सेंटिमीटरवरचं नाणं स्वच्छ ऐकू येणं हे 20 सेंटिमीटरच्या आशेपेक्षा कामाचं.

आकडे पाठ करायचे तर स्वतःच्या मशीनचे, स्वतःच्या मातीतले करा. बाजारातून पाव आण्याचं एक झिजकं नाणं, एक नया पैसा, ॲल्युमिनियमचे पाच पैसे आणि पत्र्याचं एक झाकण घ्या, हल्लीचा एक रुपया आहेच. परसात खड्डा करा, पण नाणं खड्ड्याच्या तळाशी ठेवून वर माती लोटू नका. मोकळी झालेली माती वेगळा प्रतिसाद देते. खड्ड्याच्या भिंतीत सुरीने आडवी चीर पाडून नाणं न हललेल्या मातीत सरकवा, एकदा 5 सेंटिमीटरवर, एकदा 10 वर. प्रत्येकाचा आकडा आणि आवाज वहीत लिहा. एवढ्या एका संध्याकाळी जे कळतं ते दहा व्हिडिओंत कळत नाही.

या वहीत एक गोष्ट लगेच नजरेला येईल. आपली अलीकडच्या दशकांतली नाणी, म्हणजे 1988 नंतरचे पंचवीस-पन्नास पैसे आणि 1992 पासूनचा लहान रुपया, फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत आणि चुंबकाला चिकटतात. डिटेक्टर त्यांना लोखंडाकडे ढकलतो किंवा उड्या मारणारा आकडा दाखवतो. लोखंड गाळलंत की ती आपोआप गळतात. जुनं शोधणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं. मात्र 1947 चा निकेलचा रुपया आणि पन्नाशीच्या दशकातली निकेलची नाणी यांच्याशीही मशीन तसंच वागतं, म्हणून लोखंड पूर्ण गाळू नका, फक्त त्याचा आवाज खालच्या स्वरावर ठेवा. 1964 नंतरची ॲल्युमिनियमची एक, दोन, तीन, पाच पैशांची नाणी हलकी; ती सिगारेटच्या चांदीच्या कागदाच्या आसपासचा आकडा देतात.

आपल्याला हवी ती वरच्या आकड्यांत. कंपनीचा 1835 चा पाव आणा शुद्ध तांब्याचा, 6.48 ग्रॅम, 1906 पासूनचा काशाचा, 4.86 ग्रॅम. 1943 ते 1947 चा भोकाचा पैसा पातळ असला तरी आवाज गोल आणि स्वच्छ देतो. चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम, 1939 पर्यंत 91.7 टक्के चांदीचा, 1940 ते 1945 दरम्यान निम्म्या चांदीचा; दोन्ही सर्वात वरच्या पट्टीत वाजतात. एका बाजूला तराजू आणि फारसी लिपीत 'अदल' असलेलं तांब्याचं नाणं आलं तर ते मुंबई इलाख्याचं, 1791 पासूनच्या मालिकेतलं. शिवराई हाती आली तर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं. जुन्या शिवराया साधारण 11 ते 13 ग्रॅमच्या, नंतरच्या दुदांडी (अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या) त्याहून हलक्या. जाड तांबं असल्याने शिवराईचा आवाज दमदार येतो, पण बरीच गंजलेली असेल तर आकडा पाच-दहा घरं खाली घसरतो.

लारी मात्र फसवते. चांदीची तार मध्ये दुमडून केलेलं हे नाणं दाभोळच्या व्यापारात आदिलशाहीच्या काळात खूप चाललं, वजन पाच ग्रॅमच्या आत-बाहेर. चांदी उत्तम, तरी सिग्नल कचऱ्यासारखा. डिटेक्टर धातूच्या पत्र्यात फिरणारा प्रवाह मोजतो. गोल चकतीत तो मोकळा फिरतो, तारेत त्याला फिरायला जागाच नसते. म्हणून जुन्या बंदराजवळच्या खासगी आगरात (माडांच्या बागेत) शोधत असाल तर खालचे, बारीक पण न हलणारे सिग्नलही खणा.

सिग्नल ठरवायची कसोटी सोपी आहे. वरून एकदा उत्तर-दक्षिण फिरवा, मग काटकोनात वळून पूर्व-पश्चिम. नाणं दोन्हीकडून सारखंच बोलतं. खिळा एकीकडून बोलतो, दुसरीकडून फुटतो किंवा सरकतो. मग कॉइल 5 सेंटिमीटर उचला. आवाज एकदम नाहीसा झाला तर तो जांभ्याचा लोहयुक्त खडा, नाण्याचा असेल तर हळूहळू विरतो. गंजलेला वायसर, बैलाच्या नालेचा तुकडा आणि चपटं झाकण या तिघांनी मात्र भल्याभल्यांना फसवलंय. चपट्या गोल लोखंडाला मशीन उंच स्वर देतंच. किनारपट्टीच्या बागेत आणखी दोन उपद्रवी असतात. पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) काठाला ओवलेले शिशाचे मणी आणि जुन्या होड्यांचे तांब्याचे खिळे. जाळी जिथे वाळत घालतात त्या कोपऱ्यात गोड आवाज आले तरी हुरळून जाऊ नका. आणि सिग्नल सरळ रेषेत लांबत गेला तर ती केबल किंवा पाइप आहे. तिथे खुरपं लावू नका.

आता जागा, कारण खरी चूक इथेच होते. कोकणातल्या बहुतेक बागा भरावावर उभ्या आहेत. डंपरने आणलेली लाल माती दोन-तीन फूट टाकून त्यावर हिरवळ लावलेली असते. जुनी जमीन मशीनच्या आवाक्याखाली गेलेली. भराव ओळखायचा तर जुन्या झाडाचा बुंधा पाहा. वड, आंबा, उंडी यांचा बुंधा जमिनीजवळ पसरून मुळं वर दिसत असतील तर पातळी जुनीच आहे. बुंधा खांबासारखा सरळ मातीत शिरत असेल तर त्याच्याभोवती भर पडली आहे. तिथे वेळ घालवू नका. बागेचे न भरलेले तुकडे शोधा. झाडाचा पार, जुन्या विहिरीचा काठ, धक्क्याकडे उतरणारी पायवाट, आठवडा बाजाराची जुनी जागा. पैसे पडतात ते माणूस बसतो, वाकतो, चंची उघडतो किंवा कनवटीची गाठ सोडतो तिथे. पाराभोवतीचं दोन मीटरचं वर्तुळ, प्रत्येक फेरीत कॉइलची निम्मी रुंदी मागच्या फेरीवर येईल असं संथ तपासलं, तर अख्खी हिरवळ पालथी घालण्यापेक्षा हाताला जास्त लागतं. बागेची परवानगी नाही मिळाली (बऱ्याचदा मिळत नाही) तर एखाद्याचं आगर त्याहून चांगलं. पुळणीच्या जमिनीत जांभ्याचा त्रास नाही, माडांची आळी दरवर्षी उकरली जातात, आणि मालकाची लेखी संमती घेणं मुख्याधिकाऱ्यांकडे खेटे घालण्यापेक्षा सोपं.

खणायचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात हिरवळीचा चिखल होतो, आणि एप्रिल-मेमध्ये जांभ्याची माती विटेसारखी होते, कापलेली हिरवळ जळून जाते. पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) जागा नक्की करा. धारदार खुरप्याने तीन बाजू 12 सेंटिमीटर लांब कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवा आणि गवताचं झाकण उलटा. सुटी माती कापडावर काढा, जमिनीवर पसरू नका. नाणं निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासा, माती परत भरा, झाकण बसवून पायाने दाबा, बाटलीभर पाणी घाला. हरळी आठवड्याभरात धरते. खुरपं सिग्नलच्या मध्यावर कधी मारू नका. शिवराईवरचा ताजा ओरखडा कायमचा असतो. दगडाखाली, जांभ्याच्या भेगेत उघडा हात घालू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं अशाच जागी बसतं, आणि ते वेटोळं घालून खवले घासतं तो आवाज हेडफोन लावल्यावर ऐकू येत नाही. एक कान मोकळा ठेवा, घोट्याच्या वर येणारे बूट घाला.

एका खड्ड्यात दोन-तीन नाणी आली किंवा खापराचा काठ दिसला तर तिथेच थांबा. सुटं नाणं हरवलेलं असतं, गाडगं मात्र कुणीतरी मुद्दाम पुरलेलं असतं, आणि त्याच्याभोवतीची माती नाण्यांइतकीच बोलते. फोटो काढा, माती झाका, तहसील कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

किनाऱ्याचं थोडक्यात. कोरड्या वाळूत तुमचं मशीन चालेल, ओल्या खाऱ्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचं मशीन रडतं. तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींचं) किंवा पल्स इंडक्शन (सलग लहरीऐवजी झटके सोडणारं) मशीन लागतं. रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइटचे काळे पट्टे असतात. लाट जड खनिज जिथे साठवते तिथेच जड नाणंही अडकतं, म्हणून ते पट्टे खूणही आहेत आणि मशीनची डोकेदुखीही. पावसाळा वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर ती परत येऊ लागते, तेव्हा सप्टेंबरअखेरीचा उघडा किनारा सर्वात चांगला. भर पावसात मात्र पाण्याच्या रेषेजवळ जाऊ नये. ओहोटीची वेळ तिथीवरून काढा. तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ; चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी सर्वात दूर जातं. अष्टमीच्या भांगाला फार काही उघडं पडत नाही.

राहिली सफाई. कोकणातल्या घरात तांबं म्हटलं की हात आमसुलाकडे किंवा चिंचेकडे जातो. घागरीला ते ठीक, नाण्याला घातक. आंबटाने वरचा थर जातो, अक्षरांच्या कडा जातात, आणि उरतं ते गुलाबी, किंमत गेलेलं तांबं. जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याजोगं नाणं असेल तर माती झटकण्यापलीकडे काही करू नका. इतरांना बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा. पहिला आठवडा दर दोन दिवसांनी पाणी बदला, नंतर आठवड्यातून एकदा, महिनाभर. मऊ झालेली माती बांबूच्या काडीने काढा, ब्रश नको. चांदी लालसर-राखाडी, मेणासारखी झाली असेल तर ती आतून ठिसूळ असते. लारीचे पाय सरळ करायला जाऊ नका, मोडतील.

हिरवा रंग दोन प्रकारचा. गडद, घट्ट, गुळगुळीत असेल तर तो नाण्याचा संरक्षक थर, त्याला हात लावू नका. फिकट, पोपटी, काडीने टोकरला की पिठासारखा उडणारा असेल तर आत क्लोराइड आहे, खाऱ्या हवेची देणगी. दमट हवेत ते आम्ल तयार करतं, आम्ल तांबं खातं, आणि चक्र पुन्हा सुरू होतं. असं नाणं बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळं करा आणि पाण्याचा काळ दोन-तीन महिन्यांपर्यंत वाढवा. वाळवताना सुती कापडाने टिपून चोवीस तास बल्बच्या उबेत ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नका, नाणी चिकट हिरवी होतात. कागदी पाकीट, त्यावर जागा, खोली, तारीख, आणि सगळी पाकिटं हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. जून लागला की जेल बदला, आणि श्रावणात एकदा डबा उघडून पोपटी ठिपका आला आहे का ते पाहा.